बस्तरणीचं ‘काहून गा’

बागेत आलेला माणूस घरच्यासारखा वागत नाही. एरवी पोरांवर खेकसल्याशिवाय ज्याला घास गोड लागत नाही, तो बाप माकडांच्या पिंजऱ्यापुढे उभा राहून स्वतःच दात विचकून दाखवतो. सासूसमोर मान वर न करणारी सून वाघाने जांभई दिली की सासूचाच दंड घट्ट पकडते. नागपूरच्या एका लहानशा प्राण्यांच्या बागेत पक्षीघराची किल्ली कमरेला लावून मी उभी हयात काढली. पगार बेताचा होता, पण असा तमाशा रोज पाहायला मिळणारी नोकरी दुसरी नसेल.

रविवारी फाटक उघडायच्या आधीच बाहेर सायकलरिक्षांची रांग लागे. एका रिक्षात किती माणसं मावतात हे पाहायचं तर सत्तर सालानंतरचा आमचा एखादा रविवार पाहायला हवा होता. आधी पोरं उड्या टाकत, मग डबे उतरत, मग सुरई, मग सतरंजी आणि सगळ्यात शेवटी आजी. पोरं आत शिरली की सुसाट वाघाकडे आणि मागून आयांच्या हाका. नोकरीची मला सवय झाली, पण त्या गलक्याची कधी झाली नाही. दर रविवारी माझ्याच पोटात गुदगुल्या होत.

गिऱ्हाईकंही एकेक नमुने. मौद्याकडचा एक शेतकरी सगळं घरदार घेऊन आला आणि नीलगाईच्या कुंपणापाशी थबकला. आमच्याकडे तिला रोही म्हणतात. “याले पाह्याले तिकीट काढलं का गा मी?” तो मलाच विचारू लागला. “हे त माह्या वावरात रोज चरते!” बायको म्हणाली, “तठी दगड मारता, अन् अठी पोरायले दाखवता.” पण त्या दिवशी रोहीपुढे सगळ्यात जास्त वेळ तोच उभा होता. जनावर इतकं देखणं असतं हे त्याने निवांतपणे प्रथमच पाहिलं असावं.

खाप्याहून आलेले एक गृहस्थ मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, “भाऊ, जावई सोबत हायत. मोराले जरा नाचव ना.” मी म्हटलं, “मोर माह्या हुकमात असता, त मी अठी झाडू मारला असता का?” बिचारे हिरमुसून डबा खायला बसले. पहिला घास तोंडात गेला आणि मोराने पिसारा फुलवला. मग काय विचारता! जावई उष्ट्या हाताने पळाला, सासरे वरणाची वाटी लवंडून पळाले आणि मागे राहिलेल्या पोळ्या कावळ्यांनी वाटून घेतल्या.

पाहुण्यांना वाटे, याचं काम काय, तर दाणा टाकायचा आणि उभं राहायचं. खरं काम फाटक उघडायच्या आधी संपलेलं असे. पाण्याची भांडी घासायची, विष्ठा पाहायची, कारण पाखराचा आजार आधी विष्ठेत दिसतो. पोपटांना भिजवलेले हरभरे, पेरू, मिरच्या. मैनेला पपई, केळं, सातूच्या पिठाची गोळी. उन्हाळ्यात पिंजऱ्यांवर गोणपाट टाकून ते दिवसभर ओलं ठेवायचं, नाहीतर नागपूरचं ऊन पाखराला उभ्या उभ्या पाडतं. आणि दाणा टाकल्यावर निघून न जाता कोण जेवत नाही तिकडे लक्ष ठेवायचं. हेच सगळ्यात मोठं काम.

माझं पक्षीघर आणखी एका गोष्टीसाठी प्रसिद्ध होतं. मूल उशिरापर्यंत बोलेना, तर त्याला पोपटाने चोच मारलेला पेरू खाऊ घालायचा, वाचा फुटते, असा समज आहे. रानातला पोपट कधी उष्टा पेरू पाडेल याचा नेम नाही; माझ्याकडे तर पोपटांची अख्खी पंगत! कडेवर पोर घेतलेल्या आया जाळीपाशी घुटमळू लागल्या की मी ओळखायचो.

माझी पंचाईत अशी, की माझे वडील छप्पन साली दीक्षा घेतलेले, गिरणीत घाम गाळून पोरांना शिकवणारे आणि नवस, उतारा, गंडादोरा यांचं नाव घराच्या उंबऱ्याआत येऊ न देणारे. बागेत पेरूसाठी लोक येतात हे मी हसत हसत घरी सांगितलं, तेव्हा बा जेवताजेवता थांबला. “पोपटाचा पुजारी झाला का गा तू?” त्या दिवसापासून मी एकही उष्टा पेरू जाळीबाहेर जाऊ दिला नाही. आमचे जनावरांचे डॉक्टरही तेच सांगत, पाखराचे रोग माणसाला लागतात म्हणून. एका बाजूने बा, दुसऱ्या बाजूने डॉक्टर. मध्ये मी आणि आयांच्या शिव्या.

त्याच पक्षीघरात बस्तरीण होती. ही पहाडी मैना. काळी कुळकुळीत, डोक्यामागे पिवळे पट्टे. कोणा फेरीवाल्याच्या टोपलीतून सोडवून आणलेलं पिल्लू, बस्तरकडचं म्हणून नाव बस्तरीण. पहाडी मैनेत नर कोणता, मादी कोणती हे वरून कळत नाही. आम्ही ‘ती’ म्हणायचो ते आपलं सोयीसाठी. रानात ही पाखरं आपल्याच भाईबंदांचे आवाज उचलतात. पिल्लूपणी माणसात आली की माणसाचे. तिला तिच्या रानाची बोली कधीच शिकायला मिळाली नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तिला मिळाली ती माझी बोली.

जाळीपाशी कोणी आलं की “काहून गा, काय पायजे?” असं विचारायची माझी सवय. बस्तरणीने त्यातलं “काहून गा?” तेवढं उचललं. आवाजही हुबेहूब माझाच, किंचित नाकातला. लोक दचकून मला शोधत आणि मी पलीकडे पपई चिरत बसलेला असे.

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्याकडे ‘काहून’ म्हणजे ‘का’. गड्यामाणसाला हाक मारायची तर ‘गा’, बाईमाणसाला ‘वं’. काहून गा रामभाऊ, काहून वं ताई. यात चूक होत नाही. दीड वर्षाच्या पोरालाही कोणाला काय म्हणायचं ते कळतं. बस्तरणीला मात्र काही घेणंदेणं नव्हतं. पैलवान येवो की नवी नवरी, सगळ्यांना एकच: “काहून गा?”

एका हिवाळ्यात, मिरचीचा हंगाम सुरू झाला तेव्हाची गोष्ट. भिवापूरकडची एक म्हातारी, तिची सून वच्छला आणि पाच पुरी करून सहाव्यात गेलेली नात रंजी अशा तिघी जाळीपाशी आल्या. मुलीचा बाप मिरची घेऊन बाजारात गेला होता. म्हातारीने पदराची गाठ सोडली. आत मूठभर लालभडक मिरच्या.

“पोपटायसाठी आणल्या,” ती म्हणाली. “अन् भाऊ, एक उष्टा पेरू दे. नातीसाठी.”

मी माझं नेहमीचं पुराण लावलं. डॉक्टरांचा हुकूम, पाखराचे रोग.

“रोग?” म्हातारी भडकली. “पोट्टी सहा वर्साची होऊन राहिली, तोंडातून एक शबद नाही. हा रोग नाही का?”

वच्छला हळूच म्हणाली, “मोठ्या दवाखान्यात दाखवलं भाऊ. कान चांगले हायत म्हणे. बोलीन म्हणते डॉक्टर. पण कवा? जूनमधे शाळेत टाकाची हाय, अन् गुरुजी म्हणते बोलाले लागली की आणजा. गावात त तिचं नावच मुकी पडलं. रंजी म्हणून कोणी हाकच मारत नाही.” शेवटचं वाक्य बोलताना तिने पोरीचे दोन्ही कान हातांनी झाकले होते, ते माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

पेरू द्यावा असं त्या क्षणी फार वाटलं. पण बा आठवला. मी मिरच्या तेवढ्या घेतल्या आणि पोपटांना टाकल्या. पोपट त्या बिया चघळत मजेत खाऊ लागले. पाखराला तिखट लागत नाही हे मी सांगितलं, तर म्हातारीला तो भिवापूरच्या मिरचीचा अपमान वाटला. रंजी मात्र पोपटाच्या डोळ्यांत पाणी कधी येतं ते पाहत जाळीला नाक लावून उभी होती.

तेवढ्यात मागून आवाज आला, “काहून गा?”

पोर गर्रकन वळली. माझ्या तोंडाकडे पाहिलं, ते बंद. मग बस्तरणीकडे पाहिलं. बस्तरणीने मान तिरकी करून पुन्हा विचारलं. आणि रंजी खदखदून हसली. चांगलं मोठ्याने, आवाज काढून.

मी म्हातारीला म्हटलं, “आजी, या मैनेले कोणी उष्टं चारलं नाही. रोज कानावर पडलं, म्हून बोलते. पेरू मी देत नाही. पण मिरचीच्या गाडीसंगं येता, त पोरीले दर बाजाराले हिच्यापाशी आणत जा.”

“पाखरू माणसाले शिकवीन का?”

“माणसानं पाखराले शिकवलंच ना?”

म्हातारीला पटलं नाही, पण सुनेला पटलं. दर बाजाराला त्या येऊ लागल्या. फाटकापासून रंजी आईचा हात सोडून धावत सुटायची ती थेट बस्तरणीपाशी. मैना म्हणायची, “काहून गा?” आणि मग दर वेळी एक चमत्कारिक गोष्ट व्हायची. पोरीच्या कपाळाला आठ्या पडत, ती पाय आपटून पाठ फिरवी. थोड्या वेळाने पुन्हा वळे. पुन्हा “काहून गा?” पुन्हा पाय आपटणं. मी जवळ जाऊन विचारी, “काहून वं, राग आला का?” तेव्हा ती माझ्याकडे पाहून जोरजोरात मान डोलवी. तिला बोलता येत नाही म्हणून ती चिडते असं आम्ही धरून चाललो होतो.

ओठ मात्र हलू लागले होते. वच्छला ते पाहायची आणि माझ्याकडे पाहायची. मीही बाजाराच्या दिवसाची वाट पाहू लागलो. घरी बा विचारी, “काय गा, मैनेचा दवाखाना कसा चालू हाय?” थट्टाच ती, पण विचारायला विसरत नसे.

अशात आमच्याकडे नवे मोठे साहेब आले. त्यांच्या बाई पुण्याकडच्या, स्वभावाने अगदी प्रेमळ. एका रविवारी मुलांना घेऊन त्या पक्षीघरात आल्या. बस्तरणीने नेहमीप्रमाणे विचारलं. बाईंना त्यातलं ‘काहून’ कळलं नाही, ‘गा’ तेवढं कळलं.

“अगबाई! ही मला गा म्हणतेय!” त्या हरखल्या. मुलांनीही धरलं, आई गा, आई गा. मी पुढे होऊन सांगणार, इतक्यात बाईंनी घसा साफ करून एक अंगाई सुरू केली. गळा गोड होता, खोटं कशाला बोलू. भोवती गर्दी जमली, गर्दीतले गडी टोप्या सावरून ऐकू लागले. बाई मन लावून कडवं संपवून थांबल्या, आणि त्या शांततेत बस्तरीण माझ्या आवाजात म्हणाली, “काहून गा?”

जो हशा पिकला, तो वाघाच्या पिंजऱ्यापर्यंत गेला असेल. बाईंबरोबरच्या शिपायाने त्यांना अर्थ सांगितला, ‘का बाबा, कशाला?’ असं मैना विचारते म्हणून. बाई लालेलाल झाल्या. दुसऱ्या दिवशी हुकूम आला: मैना काहीतरी सभ्य शब्द शिकेपर्यंत तिला लोकांपुढे ठेवू नये.

बस्तरणीची रवानगी मागच्या दाणाघरात झाली. तिथे मी तिला सकाळ-संध्याकाळ “नमस्ते” शिकवू लागलो. पण मैना शिकवून शिकत नाही. ती शब्द उचलते तो जोराचा, रागालोभाचा, मनापासून बोललेला. माझं नमस्ते पगारी होतं, तिला लगेच कळलं. तिने ‘नमस्ते’ तर उचललं नाहीच, वर रुसून ‘काहून गा’सुद्धा बंद केलं.

मग होळी झाली, उन्हं तापली आणि मिरचीचा शेवटचा बाजार आला. त्या दिवशी मी डबा विसरलो होतो, म्हणून बा तो घेऊन बागेत आला होता. आम्ही बोलत होतो, तोच रंजी धावत आली. जाळी रिकामी! तिने पिंजऱ्याला एक चक्कर मारली. खाली वाकून पाहिलं. मग माझा सदरा धरून ओढू लागली.

“मेली का गा मैना?” म्हातारीने विचारलं.

“मेली नाही. मागं ठेवली. तिकडं कोणाले नेता येत नाही.”

वच्छलाचा चेहरा उतरला. “आज शेवटची गाडी भाऊ. मिरची सरली. आता दिवाळीपावतर येणं नाही.”

शाळेचा जून त्याआधीच येणार होता. सगळ्यांना ते कळत होतं. बा माझ्याकडे पाहत होता. मी किल्ली काढली आणि सगळ्यांना दाणाघरात घेऊन गेलो.

बस्तरीण पिसं फुगवून कोपऱ्यात बसलेली. म्हातारीने चुचकारलं, मी पपई दाखवली, शीळ घातली. ढिम्म. दाणाघरात सातूचा वास, पत्र्याची धग आणि आम्ही पाच माणसं एका पाखराच्या तोंडाकडे पाहत उभे. रंजी जाळीशी गेली आणि तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले.

बस्तरणीने मान तिरकी केली. पिसं खाली बसली.

“काहून गा?”

पोरीचं तोंड लाल झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या, आणि पत्र्यावर दगड पडावा तसा आवाज आला:

“वं!”

मैना दोन क्षण थबकली. मग म्हणाली, “काहून गा?”

“गा नाही!” पोर पाय आपटून ओरडली. “वं! काहून वं!”

वच्छला हरभऱ्याच्या पोत्यावर मटकन बसली आणि तोंडात पदर कोंबून रडू लागली. म्हातारी सगळ्यांना हलवून हलवून विचारत होती, “काय म्हणली? काय म्हणली वं ते?” मी मात्र हसत होतो. इतके दिवस पोरगी चिडत होती ती बोलता येत नाही म्हणून नव्हे. ती मुलगी होती, आणि एक पाखरू दर बाजाराला तिला गडीमाणूस समजून हाक मारत होतं. गावाने मुकी म्हटलेलं तिने मुकाट ऐकलं, पण हे तिला सहन होईना.

बा जाळीजवळ गेला आणि अगदी गंभीरपणे मैनेला म्हणाला, “बरोबर हाय तिचं. पोरीले गा म्हणते का कोणी?”

म्हातारी आता पिंजऱ्याला कुंकू लावायला निघाली. नारळ आणते म्हणाली. बाने हात आडवा केला. “आजी, बोलली पोरगी. नारळ तिले खाऊ घाला.” म्हातारीने थोडा विचार केला. “दोघीइले देऊ,” म्हणाली. बाने आडवा हात खाली घेतला.

फाटकापर्यंत मी पोचवायला गेलो. रंजीने वाटेत एकाला सोडलं नाही. रोहीला काहून वं, लांडोरीला काहून वं, आजीला काहून वं. फाटकाशी ती बापुढे उभी राहिली, त्याच्या मिशांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, “काहून गा?” बाला हसताना मी फार कमी पाहिलं. त्या दिवशी तो ठसका लागेपर्यंत हसला.

पुढच्या हंगामात रंजीचा बाप एकटाच येऊन मिरच्यांची पिशवी देऊन गेला. रंजीची शाळा सुरू झाली होती. “गुरुजी म्हणते, आता हिले चूप कसं बसवाचं ते सांगा,” तो म्हणाला. ती पोर मला पुन्हा भेटली नाही.

पण तिची गाठ रोज पडत राहिली. त्या बाजारानंतर थोड्याच दिवसांत, सकाळी मी दाणाघराचं कुलूप काढत होतो. आतून एका लहान मुलीचा चिडका, टणटणीत आवाज आला: “काहून वं?” कुलूप तिथंच टाकून मी आत धावलो. आत बस्तरणीशिवाय कोणी नव्हतं. मोठ्या साहेबांच्या बाईंना मी मुद्दाम बोलावून तो ऐकवला आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी डोळे पुसले आणि मैनेला स्वतः पुढच्या पिंजऱ्यात आणायला लावलं.

त्यानंतर बस्तरणीने ‘गा’ कायमचं टाकलं. पैलवानाला वं, पोलिसाला वं, भरघोस मिशांच्या मोठ्या साहेबांनाही वं. लोक म्हणत, अहो, हिला सुधारा. मी हो म्हणायचो आणि पपई चिरायला बसायचो. रोज सकाळी जाळी उघडली की ती मलाही विचारायची, “काहून वं?” आणि मी म्हणायचो, “काही नाही वं बाई, दाणा आणला.” शेवटपर्यंत मी तिची ती चूक दुरुस्त केली नाही.